रोजमेळातला रुग्ण, खतावणीतला अभ्यास

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी हे गाव आहे. काळभैरवनाथाच्या मंदिरासाठी ते जितके प्रसिद्ध, तितकेच तेथील माकडांसाठीही. देवदर्शनाला आलेल्या भाविकाच्या हातातील केळी, नारळ किंवा पेढ्यांचा पुडा यांवर त्यांचा पहिला हक्क असतो, आणि बहुतेक वेळा हा व्यवहार हसतखेळत पार पडतो. क्वचित मात्र पिशवी ओढली जाते, घाबरलेले मूल हात झटकून मागे घेते आणि मनगटावर दात उमटतात. देवस्थान कोणतेही असो, माकडांची वस्ती असेल तेथे असे घडू शकते. रक्त आलेले ते मनगट घेऊन घरची माणसे आरोग्य केंद्रात धावतात, तेव्हा त्या जखमेवर ‘विषय : सूक्ष्मजीवशास्त्र, प्रकरण अमुक’ अशी चिठ्ठी लावलेली नसते. समोर बसलेल्या तरुण डॉक्टरला पाच वर्षांच्या अभ्यासातून नेमक्या सात-आठ गोष्टी काही क्षणांत एकत्र आणाव्या लागतात आणि त्या सात-आठ गोष्टी सात-आठ निरनिराळ्या पुस्तकांत विखुरलेल्या असतात.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पेढी किंवा दुकान चालत आले आहे, त्यांना ही अडचण एका वाक्यात समजावी. पुस्तके खतावणीप्रमाणे लिहिलेली असतात. रुग्ण रोजमेळाप्रमाणे येतात. खतावणीत प्रत्येकाचे खाते वेगळे, पान वेगळे, सारे सुबक लावलेले. रोजमेळात मात्र सकाळी साखरेचे गिऱ्हाईक, त्यापाठोपाठ हुंडीचा तगादा, मग हमालीचे पैसे, मग जुन्या उधारीची वसुली. ज्याला केवळ खतावणी वाचता येते आणि रोजमेळातील नोंद कोणत्या खात्यावर न्यायची हे कळत नाही, त्याला कोणी मुनीम म्हणत नाही. वैद्यकीय परीक्षांची आजची प्रश्नपत्रिका हीदेखील रोजमेळच आहे. त्यामुळे मूलभूत शास्त्रे आणि रुग्णचिकित्सा यांची सरमिसळ उजळणी हा विषय आता अनेक व्यापारी घरांच्या माजघरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

माकडाच्या चाव्याचाच प्रश्न घ्यावा. पहिली कृती कोणती? साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुणे. हे सामुदायिक आरोग्यशास्त्रात पाठ केले जाते. पण साबणच का? रेबीजच्या विषाणूभोवती मेदाचे आवरण असते आणि साबण ते आवरण विस्कटून टाकतो, हे उत्तर सूक्ष्मजीवशास्त्रात असते. (हळद, चुना, तिखट असे पदार्थ जखमेत भरण्याची सवय अजूनही आढळते, ती जखम भाजते, विषाणूला मात्र धक्का लावत नाही.) चावल्यानंतर लस देऊन उपयोग कसा होतो? बहुतेक लशी तर आधी द्याव्या लागतात. याचे उत्तर शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्या सीमेवर सापडते. हा विषाणू रक्तावाटे पसरत नाही. तो स्नायूत शिरतो, चेता आणि स्नायू जेथे जुळतात तेथील ग्राहकांना चिकटतो आणि चेतातंतूच्या आतून, मेंदूच्या दिशेने, उलटा प्रवास करतो. हा प्रवास संथ असतो. पायाला झालेल्या जखमेपासून मेंदू दूर, चेहऱ्याच्या जखमेपासून जवळ. म्हणून चेहऱ्यावरचा चावा अधिक घातक. या संथपणामुळेच शरीराला लशीच्या साह्याने प्रतिपिंडे तयार करण्याइतकी सवड मिळते.

पण ती सवडही पुरेशी नसते. लशीतून प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे जातात आणि तेवढ्या काळासाठी बाहेरून आणलेली तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत आणि तिच्या भोवती टोचावी लागतात. मानवी रक्तापासून केलेले असल्यास प्रत्येक किलो वजनामागे २० एकके, घोड्यापासून केलेले असल्यास ४०. अठरा किलो वजनाच्या मुलाचा हिशेब पेढीवर बसलेला माणूस तोंडी करील : ३६० किंवा ७२०. त्वचेत द्यावयाच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत द्यावयाच्या पद्धतीत १४ वा दिवसही येतो. दंडावर द्यावयाची, लहान मुलांना मांडीच्या बाहेरील बाजूस, नितंबावर कधीही नाही. रेबीजने मृत्यू पावलेल्याच्या मेंदूत नेग्री पिंड दिसतात ते हिपोकॅम्पसमध्ये आणि लहान मेंदूतील पर्किंजे पेशींत. हा विकृतिशास्त्राचा आवडता प्रश्न.

आणि मग येतो तो सापळा, ज्यात चांगली चांगली मुले अडकतात. चावणाऱ्या प्राण्यावर दहा दिवस नजर ठेवावी, तो निरोगी राहिल्यास पुढील लस थांबविता येते, हे वाक्य सर्वांना पाठ असते. परंतु हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यापुरता आहे. माकडाला तो लागू नाही. ज्याने ‘रेबीज : दहा दिवस’ एवढीच जोडी घोकली, त्याचा प्रश्न चुकतो. परीक्षेत त्याची किंमत चार गुण आणि वर एक दंड. दवाखान्यात याच चुकीची किंमत काय, हे सांगण्याची गरज नसावी. लक्षणे एकदा सुरू झाली की या रोगातून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

परीक्षेचे स्वरूपही पालकांना ठाऊक असलेले बरे. एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष आंतरवासिता. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र. आणि शेवटी शल्यचिकित्सा, स्त्रीरोग, बालरोग, वैद्यकशास्त्र इत्यादी. असे एकूण एकोणीस विषय. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने हे विषय एकमेकांत गुंफून शिकवावेत अशी अपेक्षा ठेवली आहे आणि पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेण्याची सोयही केली आहे. अपेक्षा योग्य आहे. तरी पुस्तके आणि विभाग अजून आपापल्या भिंतींच्या आतच आहेत. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या नीट-पीजी परीक्षेत मात्र भिंती नसतात. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आठशे गुण. २०२४ पासून हे दोनशे प्रश्न चाळीस-चाळीसच्या पाच गटांत विभागले गेले, प्रत्येक गटाला बेचाळीस मिनिटे, आणि वेळ संपलेल्या गटाकडे परत जाता येत नाही. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला त्रेसष्ट सेकंद. एका प्रश्नात नवजात अर्भकाची कावीळ, दुसऱ्यात खांद्याजवळील चेतांचे जाळे, तिसऱ्यात विषप्रयोग. मनाने दर मिनिटाला खाते बदलायचे असते.

असे असता घरोघर अभ्यास कसा चालतो? बहुधा खात्याप्रमाणे. महिनाभर औषधशास्त्र, मग महिनाभर शल्यचिकित्सा. पुस्तकातील ओळी तीन रंगांनी रंगविल्या जातात. पान परिचित वाटू लागते आणि परिचय म्हणजेच ज्ञान असा समज होतो. या समजाची परीक्षा मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून घेतली आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, ठरावीक अंतराने तपासून, विस्मरणाचा हिशेब १८८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पाठ केलेल्यापैकी अर्ध्याहून अधिक भाग पहिल्या तासाभरातच निसटतो, नंतर गळतीचा वेग मंदावतो, असे त्याला दिसले. योगायोग असा की त्याच वर्षीच्या जुलैत पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस प्रथम दिली. एकाच वर्षी एकाने मनाची स्मृती मोजली, दुसऱ्याने शरीराच्या रोगप्रतिकारक स्मृतीला कामाला लावले. लशीचे डोस वाढत्या अंतराने द्यावे लागतात आणि पाठांतराची उजळणीही वाढत्या अंतरानेच फळते, हे साम्य वरवरचे असले तरी विद्यार्थ्याच्या लक्षात राहण्याजोगे आहे.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : शेकडा ८१ विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटले : वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

सरमिसळीविषयीचा प्रयोग त्याहून बोलका आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना निरनिराळ्या घनाकृतींचे घनफळ काढण्यास शिकविले. एका गटाने एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने सोडविली, दुसऱ्याने सर्व प्रकार मिसळून. सराव चालू असताना पहिल्या गटाची शेकडा ८९ उत्तरे बरोबर आली, दुसऱ्याची अवघी ६०. आठवड्याने दोघांची परीक्षा झाली, तेव्हा पहिला गट २० वर घसरला होता आणि दुसरा ६३ वर स्थिर होता. एकाच प्रकारची उदाहरणे सोडविताना कोणते सूत्र वापरायचे हे आधीच ठाऊक असते. निवड करण्याचा सराव होतच नाही. वैद्यकीय क्षेत्रातही हेच आढळले. हृदयाचा आलेख वाचायला शिकणाऱ्यांवर रोज हटाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या विकारांचे आलेख मिसळून सराव केलेल्यांनी नवे आलेख अधिक अचूक ओळखले.

या आकड्यांतील ८९ आणि ६० यांवर पालकांनी थोडे थांबावे. सरमिसळ सराव करणारा विद्यार्थी सरावात हमखास अधिक चुकतो. घरी त्याचे गुणपत्रक खाली आलेले दिसते, मावसभावाचे वर. मग शिकवणी बदलण्याची, नवी व्हिडिओमाला विकत घेण्याची घाई होते, हजारो रुपये जातात, आणि जो मार्ग योग्य होता तोच सोडला जातो. व्यापारात पहिल्या सहा महिन्यांचा तोटा पाहून नवे दुकान बंद करणाऱ्याला वडीलधारी माणसे जे सांगतात, तेच येथे लागू आहे.

अर्थात सरमिसळीलाही वेळ असते. ज्याने खांद्याजवळील चेतांचे जाळे एकदाही शांतपणे काढून पाहिलेले नाही, त्याच्यापुढे मिश्र प्रश्नांचा ढीग टाकणे म्हणजे खाती न उघडताच रोजमेळ लिहायला बसविणे होय. आधी खाते, मग खतावणी, मग मिश्रण; हा क्रम उलटत नाही. तसेच केवळ एकओळी उत्तरांच्या ज्या पुस्तिका आज सर्वत्र विकल्या जातात, त्यांतही सरमिसळ असते, परंतु दुवे नसतात. रोगाचे नाव आणि समोर एक शब्द. असा शब्द कामास येतो, नाही असे नाही. पण दोन शब्दांना जोडणारे ‘का’ तेथे छापलेले नसते आणि अवघड प्रश्न नेमका त्या ‘का’वर उभा असतो.

या ‘का’चे सामर्थ्य पाहायचे असेल तर मराठवाड्याच्याच एका सुपुत्राचे काम पाहावे. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरहून एम.बी.बी.एस. होऊन १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, एक-दोन दिवसांत दगावत. तेव्हा वेदनाशामक, स्टेरॉइड, अॅट्रोपिन असे जे हाताशी असेल ते दिले जाई. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करू लागले : घामाने निथळणारे अंग, उलट्या, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि नंतर फुप्फुसांत भरणारे पाणी. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

निरीक्षण झाले, आता खाती जुळविणे आले. घाम, थंड हातपाय, चढलेला रक्तदाब ही स्वायत्त चेतासंस्था खवळल्याची चिन्हे आहेत, हे पहिल्या वर्षीचे शरीरक्रियाशास्त्र. विंचवाचे विष चेतापेशींवरील सोडियमचे मार्ग वेळेवर मिटू देत नाही आणि त्यामुळे अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर शरीरात लोटतो, हे जीवरसायन आणि विषशास्त्र. त्या पुराने अल्फा ग्राहक उत्तेजित होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या अडथळ्याविरुद्ध ढकलता ढकलता हृदय थकते आणि पाणी मागे फुप्फुसात साचते, हे विकृतिशास्त्र. मग अल्फा ग्राहकच रोखणारे औषध द्यावे, हे औषधशास्त्र. असे औषध बाजारात होते : प्राझोसिन, रक्तदाबासाठी वापरले जाणारे, स्वस्त, तोंडाने घ्यावयाचे. त्याच्या उपयोगाचा वृत्तांत १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शेकडा पंचवीस-तीस जण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. प्रतिविष आणि प्राझोसिन यांच्या एकत्रित वापराची त्यांची चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पत्नी डॉ. प्रमोदिनी या संशोधनात सहभागी होत्या.

यातील एकही तथ्य त्या काळच्या विद्यार्थ्याला अपरिचित नव्हते. अल्फा ग्राहक सर्वांनी वाचलेले होते, फुप्फुसातील पाणी सर्वांनी वाचलेले होते. ती पाने एकाच टेबलावर, एकाच रुग्णाच्या शेजारी कोणी उघडली नव्हती. आज ‘विंचूदंशात कोणते औषध’ हा प्रश्न परीक्षेत एका ओळीत विचारला जातो आणि एका शब्दात सुटतो. तो शब्द घोकणारा आणि त्याच्या मागची साखळी मनाने पुन्हा चालून येणारा यांतील अंतर, प्रश्न थोडा फिरवून ‘अॅट्रोपिन का देऊ नये’ असा विचारला, की लगेच दिसते.

घरातील माणसांनी यात काय करावे? २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, सोलापूर आणि अंबाजोगाई तर जुनीच केंद्रे. परंड्याकडच्या मुलामुलींना आता घराच्या जवळ राहून शिकता येते. म्हणजे घरचा सहवास वाढला आणि त्याबरोबर घरची चौकशीही. ‘आज किती पाने झाली?’ हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो आणि तो विद्यार्थ्याला पाने उलटण्याकडे ढकलतो. ‘आज काय चुकले?’ असे विचारणे अधिक उपयोगी, मात्र त्या स्वरात जरब नको. दुकानात रात्री गल्ला मोजताना तफावत आली तर ती नोंदविली जाते, लपविली जात नाही. चुकलेल्या प्रश्नांचीही तशी एक वही असावी, तारखेसह. त्यात प्रश्न, आपण निवडलेले उत्तर, ते का चुकले, आणि तो कोणकोणत्या खात्यांना स्पर्श करतो एवढे लिहावे. चूक ज्ञानाच्या अभावाने झाली, की घाईने, की दोन सारख्या गोष्टींच्या गोंधळाने, हे महिन्याभरात आपोआप उघड होते.

पाठशाळेत गेलेल्या मुलांना वाचना, पृच्छना, परावर्तना आणि अनुप्रेक्षा हे स्वाध्यायाचे शब्द लहानपणापासून ठाऊक असतात. वाचणे ही तेथे फक्त पहिली पायरी आहे. विचारणे, पुन्हा फिरविणे आणि मनात घोळविणे या पुढच्या. जी मुले सहाव्या-सातव्या वर्षी सूत्रे न पाहता म्हणत होती, त्यांनी बाविसाव्या वर्षी केवळ रंगीत ओळी वाचून भागवावे, हे थोडे नवलाचे आहे.

फिरविण्याचे एक साधे साधन जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचविले. त्यासाठी मोबाइलचीही गरज नाही. जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठी कापून पत्ते करावेत; एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. दुकानात रिकामी खोकी हवी तेवढी असतात, त्यांतील पाच घ्यावीत. नवा पत्ता पहिल्या खोक्यात. उत्तर बरोबर आले तर पुढच्या खोक्यात, चुकले तर कोणत्याही खोक्यातून परत पहिल्यात. पहिले खोके रोज उघडायचे, दुसरे दोन-तीन दिवसांनी, तिसरे आठवड्याने, आणि शेवटचे महिन्या-दीड महिन्याने. पत्ते विषयवार लावायचे नाहीत, पिसायचे.

प्रश्न विचारण्यासाठी विचारणाऱ्याला वैद्यक येण्याचीही आवश्यकता नाही, कारण उत्तर पाठीमागे लिहिलेले असते. आजी वाचू शकत असेल तर आजी, दुकान वाढवून आलेले वडील, धाकटी बहीण, कोणीही पंधरा मिनिटे बसू शकते. पत्ता वाचताना एखादा शब्द अडखळला तर विद्यार्थ्याने तो सोप्या मराठीत समजावून सांगावा. चेतातंतूतून उलटा प्रवास म्हणजे काय हे आजीला पटेपर्यंत सांगता आले, तर तो पत्ता पुढच्या खोक्यात टाकण्यास हरकत नाही. आणि रात्री साडेदहाला खोकी मिटून ठेवावीत. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, आणि ते जागरणाने उरकता येत नाही.